फर्म्यातलं पान

आमच्या घरात त्या लाकूड कोरायच्या यंत्राला नाव नव्हतं. विष्णूदादा त्याला राऊटर म्हणायचा, पण तो मुंबईला राहून आलेला, त्याच्या तोंडी असे शब्द बसत. माय नुसतं 'थे' म्हणायची. "थे चालू होनार हाय का आज?" एवढं विचारून ती अंगणातलं वाळवण उचलायला लागायची आणि भिंतीवरून शेजारच्या गोदाकाकूंना सांगायची, की धार काढून घ्या बाई आताच. कारण यंत्र सुरू झालं की काकूंची म्हैस पान्हा चोरायची, आणि त्या दिवसाचं दूध गेलं ते आमच्यामुळे, असं गल्लीत चार घरी कळायचं. आवाजच तसा होता. नांदुऱ्यात राहणाऱ्याला आवाजाची काय नवलाई? घरामागून रेल्वे जायची, कापसाच्या दिवसांत जिनिंगची घरघर सुरू झाली की थांबायची नाही. पण ते आवाज लांबून यायचे आणि लांब जायचे. हा आमच्या ओसरीतच जन्मायचा. सुरुवातीला एक उसासा, मग तो चढत चढत अशा जागी जाऊन थांबायचा की दाताच्या मुळाशी लागायचा. आजही सूनबाईने मिक्सर लावला की माझा हात असेल तिथे थांबतो. ती विचारते, काय झालं आई. मी म्हणते, काही नाही, चालू दे.

पुढची ओसरी म्हणजे बाबांचं सुतारकामाचं दुकान आणि मागची खोली म्हणजे मायचं राज्य, मध्ये फक्त गोणपाटाचा पडदा. त्यामुळे सागाचा भुसा आमच्या ताटात असायचाच. कळण्याच्या भाकरीवर, ठेच्यावर, आंबाडीच्या भाजीवर त्याची बारीक पिवळी भुकटी बसायची. पाहुणे फुंकर मारायचे, आम्ही तशीच खायचो. बाबांचा सगळा जन्म रंदा, वाकस आणि पटाशी यांच्यात गेला. गाड्यांच्या धुऱ्या, दारं, खाटा, पाळणे, आणि पोळा जवळ आला की पोरांसाठी चाकांचे लाकडी बैल. ते काम करताना बोलायचे नाहीत, पण त्यांची हत्यारं बोलायची. रंदा कसा चाललाय यावरून मायला कळायचं की लाकूड चांगलं निघालं की गाठीचं, आणि त्यावरून ती चहा आत्ता न्यायचा की थांबायचं ते ठरवायची.

दादा मुंबईच्या एका फर्निचरच्या कारखान्यात काही वर्षं होता. तिथलं जुनं झालेलं यंत्र घेऊन तो परत आला. गोल डेऱ्यासारखी मोटर, दोन बाजूंना दोन मुठी, खाली सपाट लोखंडी तळ, आणि त्या तळाच्या भोकातून बाहेर आलेलं करंगळीएवढं पातं. पातं थांबलेलं असताना अगदीच साधं दिसायचं. फिरायला लागलं की दिसेनासं व्हायचं. करवत लाकडात जाताना दिसते, पटाशीवर हातोडा पडताना दिसतो. इथे डोळ्यांना काही नाही आणि फळीत मात्र खाच पडत जाते. मला वाटतं मायची भीती तिथूनच सुरू झाली. जे दिसत नाही आणि खातं, त्याला ती ओळखत होती.

शिवाय पहिल्याच आठवड्यात एक प्रकार झाला. दादा काम करत होता आणि लाईट गेली. त्याने यंत्र बाकावर आडवं ठेवलं आणि आत चहाला आला. बटन चालूच राहिलं होतं हे त्याच्या लक्षात आलं नाही. आम्ही सगळे चुलीपाशी बसलेलो, ओसरीत कुणीही नाही, आणि ते यंत्र आपोआप ओरडायला लागलं. मी पडदा सारून पाहिलं तर ते बाकावर गरगर सरकत होतं, कडेपर्यंत आलं, खाली पडलं, आणि त्याच्या तोंडाने शेणाने सारवलेली जमीन उकरायला लागलं. माती भिंतीपर्यंत उडत होती. दादाने धावत जाऊन वायर उपसली. मायने त्याच दिवशी त्याच्यावरून लिंबू उतरवलं आणि शनिवारचा उपास धरला. दादा हसला होता. "माय, लाईट आली म्हनून चालू झालं वं थे. त्यात काई नाई." माय म्हणाली, "कोनी हात न लावता चालू होते, आन तू म्हनतं काई नाई."

दादाचा तेव्हा हातही झपाट्याने चालायचा. एका जिनिंगवाल्या शेठचा नवा बंगला उठत होता. त्याच्या सगळ्या खिडक्यांवरच्या झरोक्यांना सागवानी जाळ्या हव्या होत्या, प्रत्येक जाळीत पिंपळाची पानं आरपार कोरलेली, आणि सगळी पानं हुबेहूब एकसारखी. बाबांनी नमुना पाहून मान हलवली होती. हाताने केलं तर पुढच्या अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, पुरेल असं काम. दादा मात्र शेठसमोर बोलून मोकळा झाला की दसऱ्याला वास्तुशांत करा, जाळ्या वर चढलेल्या असतील. घराचा शब्द गेला होता. बाबा घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "बोलला हाईस तं कर आता."

जाळ्या सुरू व्हायच्या आधीच त्याचा हात गेला. म्हणजे पूर्ण नाही. एका चौकटीची कड गोल करत होता, कुठल्याही आधाराशिवाय, डाव्या हाताने चौकट धरून, आणि यंत्र स्वतःकडे ओढत होता. पातं ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला यंत्र ढकललं तर ते लाकूड कापायच्या ऐवजी लाकडावर पळत सुटतं, हे मला पुढे कळलं. दादाला ते माहीत होतं. कारखान्यात शिकवलेलं होतं. पण रोजच्या सवयीने माणसाचं लक्ष सैल होतं. मी चहा घेऊन पडद्याशी आले होते. आवाज एकदम बदलला, जाड झाला, आणि यंत्र एखाद्या मांजरासारखं उडी मारून त्याच्या डाव्या हातावरून गेलं. दादा ओरडला नाही. त्याने हात काखेत दाबला आणि म्हणाला, "बाबा, वायर काढा." बाबा जागचे हलले नाहीत. विजेच्या कुठल्याही वस्तूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. शेवटी मीच वायर ओढली. टांग्यातून दवाखान्यात जाताना माय सारखी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, हाताकडे नाही. डाव्या हाताची दोन बोटं वरच्या पेराशी संपली, ती कायमची.

जखम भरेपर्यंत यंत्र गोणपाटाखाली कोपऱ्यात होतं. ओसरीतून जाताना प्रत्येक जण त्या कोपऱ्याला वळसा घालून जायचा, बाबासुद्धा. आणि त्याविषयी कुणी बोलायचं नाही. शेठचा माणूस येऊन विचारून जायचा, बाबा म्हणायचे होऊन राह्यलं, आणि आम्ही सगळे त्या झाकलेल्या ढिगाकडे न पाहता इकडेतिकडे पाहायचो.

एके दिवशी दादा सकाळच्या गाडीने मलकापूरला गेला आणि एका लेथवाल्याकडून दोन सारख्याच पितळी वस्तू करून घेऊन आला. अंगठ्याएवढी आखूड नळी आणि तिला वरून रुंद कॉलर. "याले बुश म्हनतात," त्याने मला दाखवलं. "तिकडं याच्याबिगर कोनी मशीनले हात लावत नोतं. मीच शहाना निंगालो." ती नळी यंत्राच्या तळाच्या भोकात दोन स्क्रूंनी पक्की बसायची आणि पातं तिच्यामधून खाली उतरायचं. मग हव्या त्या आकाराचं भोक पाडलेली एक प्लायवूडची फळी, म्हणजे फर्मा, कामाच्या लाकडावर बारीक खिळ्यांनी ठोकायचा. यंत्र त्यावर ठेवलं की नळी फर्म्याच्या कडेला घासत जायची आणि पातं खालच्या लाकडात तोच आकार कापायचं. हात थरथरला तरी पातं फर्म्याच्या बाहेर जाणार नाही. दादा म्हणाला, "इहिरीचा कठडा असते ना, तसं समज."

बाबांनी पिंपळाच्या पानाचा फर्मा केला, अगदी नमुन्याच्या मापाचा, पटाशीने घोटून घोटून. दादाने पातं न फिरवता यंत्र त्यावर ठेवून नळी कडेने फिरवली आणि पातं जिथून गेलं तिथे खाली पेन्सिलीने खूण केली, तर खालचं पान अंग चोरल्यासारखं बारकं निघालं. बाबांना ते पटेना. माप बरोबर, फर्मा बरोबर, मग पान लहान कसं. दादालाही सांगता येईना. कारखान्यात फर्मे तयार मिळायचे, करणारा दुसराच असायचा. मी तेव्हा वरच्या आळीत मावशीकडे ब्लाउज शिवायला शिकत होते. कागदावर माप काढायचं, आणि कापताना शिलाईसाठी चहूबाजूंनी कापड सोडायचं, हे रोजचं. मी नळी हातात घेऊन पाहिली. पातं मध्ये, आणि त्याच्या चहूबाजूंनी पितळेची जाडी आणि मधली फट. तेवढं अंतर पातं कडेपासून आतच राहणार. मी म्हटलं, "बाबा, हे शिलाईचं कापड सोडल्यावानी हाय. एवढं चारीकडून सोडून फर्मा मोठा करा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे, आणि पेन्सिल कानामागून काढली. दुसरं पान बरोबर उतरलं. फक्त पानाचं टोक गोल यायचं, कारण गोल नळी टोकदार जागेत शिरणार कशी. "टोक मी पटाशीनं काढीन," बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या कामात त्यांचा जीव रमल्यासारखा वाटला.

सगळं तयार झालं आणि काम सुरूच होईना. दादा यंत्र उचलायचा, फर्म्यावर ठेवायचा, बटन दाबायचा. आवाज चढायचा. आणि मग तो तसाच उभा. यंत्र पुढे सरकायचं नाही, मागे नाही. थोड्या वेळाने बटन बंद. "लाईट कमी येऊन राह्यली," तो म्हणायचा. कधी पात्याला धार नाही, कधी लाकूड ओलं आहे. पडद्यामागे माय पोळपाटावरचे हात थांबवून ऐकायची, आवाज बंद झाला की पुन्हा लाटायला लागायची. बाबांना कळत होतं, मला कळत होतं, आणि आम्ही तिघंही लाईटला नावं ठेवायचो. एवढा जवान माणूस, गाडीच्या टपावर बसून मुंबईला गेलेला, आणि त्याच्या कपाळावर श्रावणातल्या गार दुपारी घाम.

मग एका दुपारी बाबा लाकूड आणायला गेलेले असताना तो मला म्हणाला, "शांते, तू धर. मी बाजूले उभा राहून सांगतो." माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला. मी नाही म्हणू शकले असते. पण त्याचा चेहरा असा होता की नाही म्हणायला तोंड उघडेना. मायला कळल्यावर तिने डोक्यावर हात मारून घेतला. "पोराचा हात खाल्ला, आता पोरीचा खाऊ देता? उद्या तिले कोन पाह्याले येईन?" बाबा फर्म्याची कड घोटत राहिले. शेठचा माणूस त्याच सकाळी येऊन गेला होता.

मी धरलं ते धाडसाने धरलं असं कुणाला वाटू नये. मला पहिल्या दिवशी मुठी धरल्यावर लघवीला जावंसं वाटलं होतं, आणि पुढे रोज वाटत राहिलं. बाबा गिरमिटाने पानाच्या मधोमध भोक पाडून द्यायचे. त्या भोकात पातं उतरवायचं, कुठेही न टेकवता, आणि मग बटन. यंत्र अंगात आल्यासारखं एकदा हिसका द्यायचं. तो हिसका खांद्यापर्यंत यायचा. मग हळूहळू कडेपर्यंत जायचं, नळी फर्म्याला टेकल्याचं हाताला कळायचं, आणि घड्याळाच्या काट्यासारखं कडेकडेने फिरायचं. "उलटं नोको फिरू," दादा दर वेळी सांगायचा, जणू काल सांगितलंच नव्हतं. एका फेरीत थोडंच खोल, मग पातं जरा खाली घेऊन पुन्हा, असं करत शेवटी मधला तुकडा खाली पडायचा आणि फळीत पान उघडायचं. भुसा पोटावर, मानेत, पापण्यांवर. मी मनात एकच गोष्ट धरून ठेवायची, की कठडा आहे, कठडा आहे. अशी पानामागून पानं होत गेली. भीती कमी होत नव्हती. तिची फक्त जागा ठरून गेली होती. बटन दाबताना यायची आणि पातं थांबल्यावर जायची.

दादा मात्र सूचना देऊन झाल्या की दाराशी जाऊन उभा राहायचा. डावा हात काखेत, तोंड अर्धं रस्त्याकडे. मला तेव्हा त्याचा राग यायचा. मला मरणाच्या दारात उभं करून हा रस्त्यावरच्या बैलगाड्या पाहतो, असं वाटायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवसाची दुपार होती. ओसरीच्या एका बाजूला बाबांचे लाकडी बैल रंग वाळायला मांडलेले, आत माय पुरणासाठी डाळ शिजवत होती, तिचा वास भुशाच्या वासात मिसळलेला. गल्लीत बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावायची गडबड सुरू होती. शेवटच्या काही जाळ्या राहिल्या होत्या. बाबा फळीचं दुसरं टोक धरून उभे होते, मी पानाच्या बुडख्याच्या वळणावर होते, आणि आवाजात एक बारीक किरकिर मिसळली. मला वाटलं गाठ आली. मी जरा दाबलं. किरकिरीची किंकाळी झाली आणि भुशाबरोबर चमचमतं काहीतरी उडालं. पितळ होतं ते. रोजच्या हादऱ्याने नळीचे स्क्रू ढिले होऊन नळी तिरपी झाली होती, आणि पातं आता लाकूड सोडून आपल्याच कठड्याला खात होतं.

बटन यंत्राच्या डोक्यावर. ते दाबायला एक मूठ सोडावी लागणार. आणि माझी बोटं मुठींना अशी आवळली होती की ती माझी राहिली नव्हती. यंत्र थरथरत माझ्या अंगावर यायला पाहत होतं. एकच विचार आला, उचलून फेकून द्यावं. मी उचलायला सुरुवातही केली असणार, कारण त्याच क्षणी मागून दोन हात आले आणि माझ्या हातांवर बसले.

"उचलू नको," दादा माझ्या कानाशी म्हणाला. "वर आलं तं फर्म्याले धडकन आन उडन. खाली दाब. फक्त खाली दाब."

त्याच्या डाव्या हाताची ती अर्धी बोटं माझ्या बोटांवर होती. त्यांच्यात जोर होता, आणि ती पानासारखी थरथरत होती. यंत्राचा हादरा खालून आणि त्याचा वरून, मध्ये माझे हात. तो बाबांना म्हणाला, "बाबा, खटका." बाबा भिंतीवरच्या खटक्याकडे पाहत राहिले. "बाबा, भिंतीवरचा. वर करा फक्त." मग बाबांनी फळी सोडली, ओसरी ओलांडली आणि खटका वर केला. आवाज उतरायला लागला. तो उतरायला किती वेळ घेतो हे मी रोज पाहत होते, त्या दिवशी तो संपेचना. पातं पूर्ण थांबल्यावरही आम्ही दोघं तसेच दाबून उभे राहिलो. बाबाच शेवटी म्हणाले, "थांबलं आता." तेव्हा दादाने हात काढले आणि तिथेच भुशात बसला.

माय पडद्याशी उभी होती, हातात डाळीची पळी.  बाबांनी यंत्र उलटं केलं. नळीची एक बाजू कागदासारखी पातळ झाली होती आणि पात्याचं टोक तुटलेलं होतं. ते टोक आम्ही शोधलं, तर फर्म्याच्या कडेत खोल रुतून बसलेलं सापडलं. बाबांनी ते पकडीने उपसलं, तळहातावर ठेवून पाहिलं, आणि मायला दिसणार नाही अशा बेताने खिशात टाकलं. त्या कडेच्या पलीकडे माझं पोट होतं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला आम्ही जेवायला बसलो. कढी होती, भाकर होती, आणि कुणी हात घालत नव्हतं. दादाने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

"लाईट कमी नोती," तो म्हणाला.

त्याने ताट जरा पुढे सारलं.

"म्या खोटं सांगतलं. मले भेव लागते, बाबा. मुठीले हात लावला का पोटात गोळा येते. आजबी आला."

आमच्या घरात मोठ्या पुरुषाने असं काही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मायकडे पाहिलं, माय बाबांकडे पाहत होती. बाबा कढी ढवळत होते.

"मी खटका दाबला तवा डोये मिटेल होते," ते म्हणाले. "हाताले काय लागलं मले मालूम नाई. मले वाटलं आता मेलो."

मी म्हटलं, "मले तं रोजच वाटते."

मायने तव्यावरची भाकर उतरवली आणि चुलीकडे पाठ करून आमच्याकडे वळली. "म्हनजे तुमी सगळेच भेता," ती म्हणाली. "आन मी एकली शनवार करून राह्यली. मले वाटे घरात मीच भेती." तिचा आवाज रागाचा होता, पण तिने प्रत्येकाच्या ताटात न विचारता तुपाची धार सोडली, जी उद्याच्या पुरणासाठी राखलेली होती. मग आम्ही जेवलो. जेवताना चौघंही एकदम बोलत होतो, कुणाला कुठल्या आवाजाने कसं होतं, कोण कुठल्या कोपऱ्याने जायचं. बाबांनी सांगितलं की ते पहाटे उठून यंत्राची वायर काढलेली आहे का ते दोनदा पाहायचे. दादा हसला. हात गेल्यापासून तो हसलेला मला आठवत नाही.

पोळा झाला. बाबांचे बैल पोरांच्या दोऱ्यांमागे गल्लीतून खडखडत गेले. त्यानंतरच्या सकाळी दादाने दुसरी नळी बसवली, स्क्रू आवळले, मग बाबांना आवळून पाहायला लावले, मग मला. नवं पातं लावलं. आणि ठरलं ते असं, की इथून पुढे भिंतीवरच्या खटक्यावर बोट ठेवून एक माणूस उभा राहील, काम चालू असेपर्यंत हलणार नाही, आणि आवाजात काही वेगळं वाटलं की कुणाला न विचारता बंद करेल. मी रोजच्यासारखी मुठीकडे गेले, तर दादा म्हणाला, "तू खटक्यावर राह्य. आज मी धरतो."

माय पडद्याच्या आत गेली नाही. तिथेच उभी राहिली. दादाने पातं भोकात उतरवलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बटन दाबलं. यंत्राने हिसका दिला. तो थांबला, जसा नेहमी थांबायचा.  आणि मग यंत्र हललं. हळू, फार हळू, कडेपर्यंत गेलं आणि फिरायला लागलं.

यंत्र माझ्या हातात असायचं तेव्हा मला निदान त्याची बातमी लागायची. नळी टेकली आहे, लाकूड मऊ आहे, आता वळण आलं, हे सगळं हातांतून कळायचं. इथून काहीच कळत नव्हतं. फक्त त्याची वाकलेली पाठ, उडणारा भुसा आणि तो आवाज. प्रत्येक बारीक बदलाला माझं बोट खटक्यावर दबायचं आणि मी ते आवरायची. उगीच बंद केलं तर त्याचा धीर जाईल, आणि नाही केलं तर. मला वाटलं रस्त्याकडे पाहावं, निदान तेवढा वेळ डोळ्यांना सुटका. आणि तेव्हा मला दाराशी उभा राहणारा दादा समजला, डावा हात काखेत, तोंड अर्धं रस्त्याकडे, रोज, इतके दिवस.

तुकडा खाली पडला. "बंद कर," दादा म्हणाला. मी खटका वर केला. आवाज उतरला, थांबला. बाबा वाकून टोकाला किती पटाशी लागेल ते पाहायला लागले. माय आत गेली, आणि तिच्या पोळपाटाचा आवाज सुरू झाला. मी तशीच उभी. बोट खटक्यावरून निघत नव्हतं.

दादा आला. त्याच्या भुवयांवर भुसा होता. त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि माझा हात भिंतीवरून खाली घेतला.

"झालं," तो म्हणाला. "पान निंगालं पाह्य. मस्त निंगालं."

मी पानाकडे पाहिलं नाही. मी त्याच्या उजव्या हाताची बोटं मोजत होते, एकेक करून, सगळी होती तरी पुन्हा पहिल्यापासून.